तिसरा आकडा

वीज आणखी तासभर काही येत नाही, तेव्हा ऐका. गोष्ट कवळीपासून सुरू होते. हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

आमच्या शेजारी बसमावशी राहायची. शाळेच्या बसवर मदतनीस होती, म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. तिचे वडील दोन दिवस लेकीकडे राहून गेले आणि कवळी न्हाणीघरात विसरले. त्यांचं घर कालव्यापलीकडे. रात्री म्हाताऱ्याचा फोन आला, "उद्या सकाळीच पाहुणे यायचेत. त्यांना काय हिरड्या दाखवू?"

नवरा रंगारी. एका दुकानाचं काम चालू होतं, ते रात्रीच करावं लागायचं. पोरांना घरी एकटं ठेवायचं नाही, म्हणून दोघांना मागच्या सीटवर बसवलं आणि मावशी निघाली. सोळा नोव्हेंबर, मंगळवार, रात्रीचे दहा चाळीस. मला पक्कं आठवतं, कारण फाटक मीच उघडलं होतं.

"काका, प्रत्येक गोष्टीत फाटक तुम्हीच उघडता," पुतण्या म्हणाला.

मग काय करणार? बाकीचे सगळे लवकर झोपतात.

तर, मावशीची एक खोड होती. दर रविवारी ती गाडी अंगणात उभी करायची, पोरांना मागे बसवून पट्टे लावायची, त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायची आणि ओरडायची, "गाडी पाण्यात. आकडा!" थोरली म्हणायची एक, धाकटा म्हणायचा दोन. मग पट्टा काढायचा, काच उतरवायची. आधी धाकटा बाहेर, मागोमाग त्याची कॉलर धरून थोरली. काच अडली तर फोडायला हातोडी, पट्टा अडला तर कापायला पाती. दोन्ही तिच्या सीटला दोरीनं बांधलेल्या. आम्ही सगळे चहाचे कप घेऊन गॅलरीत उभे राहायचो, फुकटचा तमाशा बघायला. नवरा विचारायचा, "अगं, तू गाडी चालवायला शिकलीस की बुडवायला?"

मीही एकदा म्हटलं, "मावशी, पोरं दोन. मोजता कसली?"

"भावजी, बसवरचा नेम आहे," ती म्हणाली. "ज्यानं आकडा म्हटला ते मूल माझं. शेवटचं उतरेपर्यंत मी उतरत नाही. मग ते कुणाचं का असेना."

कालव्याच्या काठचा रस्ता अरुंद. समोरून एक टँकर आला, दिवे न लावता. मावशीनं गाडी कडेला घेतली आणि कडच खचली. गाडी नाकावर घसरत पाण्यात गेली.

दिवे गेले. पाणी पायाशी आलं. मग गुडघ्याशी.

धाकट्यानं रडायला तोंड उघडलं असेल नसेल, तेवढ्यात मावशी अगदी रविवारच्या आवाजात म्हणाली, "गाडी पाण्यात. आकडा!"

"एक."

"दोन."

...

"तीन."

...

माझ्या भाचीनं मांडीवरची झोपलेली लेक जवळ ओढली. "मामा, पुढं सांगा," ती हळूच म्हणाली.

सांगतो. मावशीनं तो आवाज ऐकला. पण रविवारी शिकवलेलं मोडलं नाही. काच उतरेना, तशी हातोडी मारली. एकदा. दोनदा. काच फुटली. धाकटा गेला. कॉलर धरून थोरली गेली. काठ हातभरावरच होता.

"वर चढा. मागं बघू नका."

आता तिनं निघायचं. पाणी छातीला लागलेलं. मी असतो तर कवळीसकट सगळं तिथंच टाकून पळालो असतो.

मागून आवाज आला. बारीक.

"तीन... पट्टा निघत नाही."

"कधीपासून?" मावशीनं विचारलं.

...

ती मागे वळली. पाती घेतली. मधल्या सीटवर हात घातला. पट्टा लागला. ताणलेला. चाचपत बक्कलपर्यंत गेली.

बक्कलवर हात होता.

मोठा. थंड. पोराचा नव्हे.

"ते माझं आहे."

पाण्याखालून आलेला आवाज... पण शब्द स्वच्छ.

मावशी खवळली. ती म्हणायची, भीती वाटली असती, पण संताप आधी आला.

"तुझं असतं तर तूच सोडवलं असतंस," ती म्हणाली. "त्यानं आकडा म्हटलाय. माझ्या गाडीतलं मूल आहे. हात काढ."

...

"काढ म्हणते ना. नाहीतर पट्ट्याबरोबर तोही कापीन."

पाणी हनुवटीला.

हात हलेना.

तिनं पाती लावली.

...

...

हात निघाला.

तिनं पट्टा कापला. बक्कलाचा तुकडा मुठीतच राहिला. हाताला काहीतरी लागलं, भिजलेल्या स्वेटरइतकं हलकं. ते आधी खिडकीतून बाहेर ढकललं. मग ती.

काठावर थोरली धाकट्याला कवटाळून बसली होती.

"कितीजण वर आलात?" मावशीनं धापा टाकत विचारलं.

"आम्ही दोघं."

"आणि?"

थोरलीनं रस्त्याकडं बोट केलं. "तुझ्या आधी कुणीतरी आलं. तिकडं पळत गेलं." मग जरा थांबून म्हणाली, "हसत होतं."

रस्त्यावर कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी गॅलरीत कुणीच नव्हतं. सगळे खाली अंगणात, आपापल्या गाड्या नि पोरं घेऊन. मावशीचा नवराही. त्याच्या डोळ्यांवर टॉवेल धाकट्यानं बांधला, आणि जरा जास्तच आवळून बांधला.

गॅरेजवाल्याचं तेवढं सांगायचं राहिलं. त्यानं गाडी वाळवून नीट तपासली. मागचे तिन्ही पट्टे शाबूत होते. साधा चरासुद्धा नाही.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही कापलात म्हणता, तो पट्टा कुठला?"

मी शेजारीच उभा होतो. मावशीनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. जाड सुती पट्ट्याचा तुकडा. तसले पट्टे त्यानं कुठल्याच गाडीत पाहिले नव्हते. शेवाळानं हिरवा झालेला. बक्कल लावलेलंच, गंजून एकजीव झालेलं.

फक्त कापलेलं टोक...

ते पांढरंशुभ्र होतं.