दुसरी चांदणी

“संग्रहालयात चारला नवी पाटी ठोकणार! आणि तीन वाजून गेलेत!” चुळबुळी धडधडत जिना उतरली. तिला हे नाव घरच्यांनीच ठेवलं होतं आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

“ठोकू देत,” कुलूप दुरुस्त करणारे आजोबा मान वर न करता म्हणाले.

त्यांचे पणजोबा बंदुका घडवायचे. संग्रहालयातल्या त्यांच्या बंदुकीवरचं आडनाव कुणीतरी अर्धवट वाचलं, दुसऱ्याने ते पुस्तकात छापलं, तिसऱ्याने उच्चारही बदलला. आजोबांनी तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं, तर पाकिटावर आजोबांचंच आडनाव चुकलेलं! तेव्हापासून ते गप्प होते. चुळबुळीला ते बघवत नव्हतं.

तिच्या आतेभावाने, ज्याला सगळे प्रोफेसर म्हणत त्याने, खणातला पणजोबांचा बंदुकीवर नाव उमटवायचा पोलादी ठसा मेणावर दाबला. “चांदणी, आडनाव, चांदणी.”

“थांब! बंदुकीवर एकच चांदणी आहे! मी काल काचेला नाक लावून पाहिलंय. अर्ध्या नावानंतर लगेच नळीवरचं लोखंडी कडं!” चुळबुळी म्हणाली.

“मग दुसरी चांदणी कुठे गेली?”

“कड्याखाली!” दोघं एकदम ओरडले. “आजोबा, चपला घाला!”

संग्रहालयात सुतार हातोडी घेऊन उभाच होता.

“सगळ्या पुस्तकांत हेच नाव आहे,” व्यवस्थापक वैतागले.

“पुस्तकांनी कुठून घेतलं?” प्रोफेसरने विचारलं.

“आमच्या पाटीवरून.”

“आणि पाटीने?”

“जुन्या पाटीवरून.” व्यवस्थापक जरा चाचरले.

“म्हणजे त्यानंतर बंदूक कुणी बघितलीच नाही!” चुळबुळी ओरडली.

आजोबा काचेवर वाकले. “हे कडं नंतरच्या दुरुस्तीतलं आहे,” ते हळूच म्हणाले. “एक स्क्रू काढला की सरकेल.”

व्यवस्थापकांनी मेणावरचा ठसा पाहिला, घड्याळ पाहिलं आणि कपाट उघडलं. स्क्रू जाम! चुळबुळीने नखं खाल्ली. आजोबांनी तेलाचा थेंब सोडला आणि वाट बघत राहिले. शेवटी कर्रर्र!

कड्याखाली दोन अक्षरं होती. त्यांच्यापुढे चांदणी!

सुतार पाटी काखोटीला मारून निघाला. “पोरांनो, कमाल केलीत!” व्यवस्थापक म्हणाले. मग ते आजोबांकडे वळले आणि त्यांनी पूर्ण आडनाव घेऊन त्यांना नमस्कार केला. एकही अक्षर चुकलं नाही.

आजोबांचे डोळे भरून आले.

“पुन्हा एकदा म्हणता?” त्यांनी विचारलं.