तिसावी चौकट

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर शेवट तरी माझ्या सोयीचा केला असता.

अलेक्झांड्रिया. सिदी बिश्र. समुद्रापासून दोन गल्ल्या आत आमची पाच मजली इमारत आहे. वेळ रमजानमधल्या संध्याकाळची, सूर्यास्ताला होणाऱ्या मगरिबच्या अजानला पाच-सात मिनिटं उरलेली असताना.

म्हणजे रात्रसुद्धा नव्हती. चांगला उजेड होता.

माझं नाव रऊफ. तळमजल्यावर माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या जाहिराती आणि दरवर्षी सहेरी-इफ्तारचं वेळापत्रक. तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, बायको नाहिद आणि आई.

आणि वगदी. माझा धाकटा भाऊ.

राहायचा, असं म्हणायला हवं. अजून तोंडात बसत नाही.

वगदी एकतीस वर्षांचा, वजन एकशे बारा किलो. बंदरात कारकून होता. हसरा. त्याला काहीही बोला, आधी तोच हसायचा. म्हणून आम्ही सगळेच बोलायचो. सगळ्यात जास्त मी.

वडिलांनी गच्चीला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या. "या वगदीच्या लग्नाच्या," एवढंच म्हणाले आणि वर्षभरात गेले. कागदावर काही नव्हतं. किल्ली माझ्याकडे राहिली. दुकानाचे कागदाचे गठ्ठे मी वर ठेवायला लागलो. आधी दहा, मग पन्नास. मग दोन्ही खोल्या भरल्या.

दोन वर्षांपूर्वी, रमजान लागायच्या आदल्या दिवशी वगदी दुकानात आला. मोठ्या भावाला आमच्याकडे अबेह म्हणतात.

"अबेह, वरच्या खोल्या रिकाम्या करून दे ना. इनासचे वडील म्हणतात, ईदपर्यंत घर दाखवा, नाहीतर अंगठी परत घेऊन जा."

इनासशी त्याचा साखरपुडा झाला होता, आणि आमच्याकडे घर नाही तर नवरी नाही. हे मलाही माहीत होतं.

मी म्हणालो, "पाच मजले चढणार तू? तिसऱ्यावर येईपर्यंत तुझं इंजिन बंद पडतं. नवरी वर आणि नवरा जिन्यात, असा संसार करायचाय का?"

तो हसला. "बरं बाबा, काय करू ते सांग."

"धाव. रोज पाच किलोमीटर. महिनाभर. मग बघू."

"बघू नाही. शब्द दे."

"दिला."

मी खरंतर गंमत करत होतो. इंटरनेटवर असले तक्ते फुकट मिळतात. उतरवून घ्यायचा, छापायचा, भिंतीला लावायचा. रोज एक चौकट, प्रत्येक चौकटीत छोटासा बूट. मी त्यावर वगदीचं नाव टाकलं, जाड कागदावर छापला आणि खाली ठळक अक्षरात ओळ घातली. 'रोजा ठेवून, मगरिबच्या आधी, पाच किलोमीटर. एकही चौकट रिकामी नको. तीस भरल्या की किल्ली.'

तीस चौकटी.

ही ओळ नीट लक्षात ठेवा.

तक्ता फ्रिजच्या दारावर लागला, वेळापत्रकाच्या शेजारी. वगदीने हिरवं पेन दोऱ्याने फ्रिजच्या मुठीला बांधलं. मला वाटलं, पाचव्या दिवशी पेन सुटेल.

पहिल्या दिवशी तो भिंत धरत जिना चढला. ओठ पांढरे पडलेले. आईने पाणी पुढे केलं.

"थांब आई, अजान होऊ दे," म्हणाला, आणि आधी चौकटीत खूण केली.

दहाव्या दिवशी तो धाप न लागता बोलायला लागला. विसाव्या दिवशी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. नाहिद म्हणाली, "अहो, गठ्ठे हलवायला लागा. हा पठ्ठ्या सोडत नाही आता."

मला राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. तो जिंकत होता.

एकोणतिसाव्या रोज्याला इफ्तार झाला आणि आम्ही टीव्हीपुढे बसलो. चंद्र दिसल्याचं जाहीर झालं. उद्या ईद. खाली पोरांनी फटाके लावले.

वगदीने उडी मारली. एकशे बाराचा आता अठ्ठ्याण्णव झाला होता. "एकोणतीसपैकी एकोणतीस! अबेह, काढ किल्ली!"

मी चहाचा घोट घेतला. "चौकटी किती आहेत?"

तो फ्रिजकडे बघत राहिला.

"अरे, पण रमजान संपला ना."

"मी काय करू? चंद्राला विचार. एक रिकामी आहे. शब्द म्हणजे शब्द."

आई म्हणाली, "रऊफ, पुरे झालं." मी हसलो. वगदीही हसला... पण जरा उशिरा.

रमजान एकोणतीसचाही असतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मी तर छापखानेवाला. वेळापत्रकात तिसाव्या ओळीखाली मी दरवर्षी छापतो, 'चंद्र न दिसल्यास.' ते तीन शब्द मी त्याच्या तक्त्यावर छापले नव्हते.

विसरलो होतो का?

लोक विचारतात तेव्हा हो म्हणतो. इथे खरं लिहितो आहे. नव्हतो विसरलो.

ईदच्या पहाटे फजरची नमाज झाल्याझाल्या तो बूट घालून निघाला. ईदच्या नमाजाआधी तोंड गोड करायचं असतं, म्हणून आईने हातावर खजूर ठेवला. त्याने तो खिशात टाकला. "आल्यावर खातो. तक्त्यावर रोजा ठेवून लिहिलंय. अबेह नाहीतर पुन्हा खुसपट काढेल."

ईदच्या दिवशी उपास करणं आमच्यात पाप. तो माझ्या एका ओळीसाठी उपाशी धावला. पाणीसुद्धा न पिता.

समुद्राकडच्या वळणावर पडला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. नमाजाला निघालेल्या लोकांनी त्याला उचलून आणलं. खिशात खजूर तसाच होता. मनगटावरच्या घड्याळात अंतर थांबलं होतं... चार पूर्णांक आठ.

आमच्या दारापर्यंत दोनशे मीटर राहिले होते.

आईने तक्ता काढू दिला नाही. पेनही नाही. वर्षभर मी पाण्याची बाटली काढताना त्या रिकाम्या चौकटीकडे पाहणं टाळत आलो.

मग पुढचा रमजान आला. गेल्या वर्षीचा.

पहिला रोजा. सगळे टेबलाशी बसलेलो, हातात खजूर, रोजा सोडायच्या तोफेची वाट बघत. त्या पाच मिनिटांत आमचं शहर रिकामं होतं. गाडी नाही, ट्राम नाही, गल्लीत मांजरही नाही. भांड्यात चमचा ठेवला तरी शेजाऱ्याला ऐकू जावं इतकं शांत.

तेव्हा ऐकू आलं...

थप... थप... थप...

लांबून. समुद्राकडून. जड माणूस धावत होता.

पावलं जवळ येत होती. मी नाहिदकडे पाहिलं. तिने खजूर खाली ठेवला होता.

थप... थप...

आणि मग...

धप्प.

पुढे काही नाही. लगेच तोफ झाली, अजान सुरू झाली.

आई शांतपणे म्हणाली, "आज पण पोहोचला नाही."

"आज पण म्हणजे?" मी विचारलं.

तिने एक ग्लास पाणी भरून दाराशी नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पावलं यायची, वळणापर्यंत. मग धप्प. चौथ्या दिवशी मी मुद्दाम खाली जाऊन वळणावर उभा राहिलो. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. पावलं माझ्यापर्यंत आली. धाप ऐकू आली. घामाचा वास आला, त्याचाच. मग माझ्या पायाशी, हातभर अंतरावर... काहीतरी पडलं.

तिथे काही नव्हतं.

मी झपाझप घरी आलो. जिना चढताना मला धाप लागली, हे सांगितलंच पाहिजे.

सातव्या दिवशी मी एक शहाणपणा केला. घरात कोणी नसताना फ्रिजपुढे उभा राहिलो. हिरवं पेन केव्हाच वाळलं होतं. मी दुकानातलं पेन काढलं आणि तिसाव्या चौकटीत खूण केली. ठसठशीत. झालं, म्हटलं. घे बाबा. सुटलास.

सकाळी चौकट रिकामी होती.

पुसल्याचा डाग नाही. कागदावर पेनाचा दाब नाही. बाकीच्या एकोणतीस हिरव्या खुणा जागच्या जागी.

नाहिद माझ्या मागे उभी होती. "न धावता खूण करायला निघालात? त्याने एकोणतीस दिवसांत एकदा तरी केली का तशी?"

"मग काय करू?"

"मला काय विचारता. तक्ता तुम्ही छापलाय."

त्या वर्षी एकोणतिसाव्याला चंद्र दिसला नाही. तिसावा रोजा लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मगरिबला पाऊण तास असताना मी वगदीचे बूट काढले. आईने ते पुसून ठेवले होते. मला सैल होत होते. आत दोन मोजे घातले. आईने पाहिलं आणि दाराशी पाण्याचा ग्लास भरून ठेवला.

मी त्रेचाळीस वर्षांचा. धावणं सोडाच, मी कधी ट्राम पकडायला पाय उचललेला नाही. समुद्राच्या कडेने जाताना पहिल्या किलोमीटरलाच छातीत जाळ झाला. गाड्या घराकडे सुसाट चालल्या होत्या. सिग्नलवर उभी असलेली पोरं वाटेतच रोजा सोडणाऱ्यांच्या गाड्यांत खजूर टाकत होती. एकाने माझ्यापुढेही धरला. मी हाताने नको म्हणालो.

मग गाड्या संपल्या. पोरंही गेली.

चार किलोमीटर झाले असतील...

थप... थप... थप...

मागून.

मी वळून पाहिलं नाही. हिंमत झाली नाही, खरं सांगतो. मी हळू झालो. पावलं हळू झाली नाहीत. ती माझ्या खांद्याशी आली आणि तिथेच राहिली. शेजारी श्वास ऐकू येत होता. संथ, लयीत. धाप त्याला नव्हती. धाप मला होती.

मी म्हणालो, "वगदी, माझं चुकलं रे."

नुसती पावलं.

वळण आलं. तीच जागा. मी रस्त्यावर बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी धप्प ऐकायची वाट पाहत होतो...

ते झालंच नाही.

पावलं माझ्या पुढे गेली. गल्लीत वळली. थप... थप... थप... एकदाही न चुकता, थेट आमच्या दारापर्यंत. मग जिन्याचा आवाज आला. एक मजला. दोन. तीन.

तोफ झाली.

मी घरी पोहोचलो तेव्हा अजान संपत आली होती. दार उघडं होतं. नाहिद भिंतीला पाठ लावून उभी होती, चेहरा पांढराफटक. आई टेबलाशी बसली होती. दाराशी ठेवलेला ग्लास रिकामा होता.

मी फ्रिजकडे पाहिलं.

तिसाव्या चौकटीत हिरवी खूण होती. ओली. वाळलेलं पेन दोऱ्याला लटकत अजून हलत होतं.

आई म्हणाली, "तुझ्याआधी येऊन गेला. विचारत होता, अबेह आता किल्ली देईल ना?"

"तू पाहिलंस त्याला?"

"मी माझ्या पोराला ओळखणार नाही का?"

नाहिदने फक्त मान हलवली. हो की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. तिने पुन्हा कधी त्यावर बोलू दिलं नाही.

मी खिशातून किल्ली काढली. फ्रिजवर ठेवली.

सकाळी, ईदच्या दिवशी, किल्ली नव्हती.

मी वर गेलो. कागदाचे सगळे गठ्ठे, एकूण एक, गच्चीवर कठड्यालगत ओळीने रचून ठेवले होते. एकही फाटलेला नाही. ते हलवायला चार हमालांना एक दिवस लागला असता. खोल्यांचं दार आतून बंद होतं.

मी ढकललं नाही. कुलूपवाल्याला बोलावलं नाही. पुढे वर्षभर कोणीच बोलावलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

इथे गोष्ट संपली असती तर मीही झोपलो असतो.

पण रमजान संपला तरी पावलं थांबली नाहीत. आता पडण्याचा आवाज येत नाही. रोज मगरिबच्या आधी ती गल्लीतून येतात, जिना चढतात, आमच्या दारावरून पुढे जातात. पाच मजले, न थांबता. मग वरून झाडू फिरवल्याचा आवाज येतो. काहीतरी सरकवल्याचा. कोणीतरी घर लावतो आहे.

गेल्या महिन्यात इनासचं लग्न झालं. तांता शहरातला कोणी इंजिनिअर आहे. पत्रिका माझ्याच दुकानात छापायला आली. तिच्या वडिलांनी मान वर केली नाही, मीही नाही. दोनशे प्रती छापून दिल्या.

आईला सांगावं लागलं. ती म्हणाली, "त्याला कोण सांगणार? तो वर वाट बघतोय. तू मोठा आहेस, तूच सांग."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वर जातो. पत्रिकेची एक प्रत खिशात असते. दारापुढे उभा राहतो. आतला झाडू थांबतो...

दाराच्या पलीकडे कोणीतरी येऊन उभं राहतं. मला ऐकू येतं. माझी धाप, आणि त्याचा संथ श्वास.

आणि मी काही न बोलता खाली येतो.