सिग्नेचा सांकेतिक शब्द

सिग्ने गेली त्या शरदातली गोष्ट. डुलुथला तिच्या घरी मी गेले होते ती फक्त तिचा कॉम्प्युटर चालू करायला. सुपीरियर सरोवरातल्या मासेमारी बोटींना लाटांचा इशारा देणारा प्रोग्राम आम्ही दोघी सांभाळायचो. मी तो लिहायचे. सिग्ने त्याची पॅकेजं, म्हणजे बोटींवरच्या यंत्रांना पाठवायच्या नव्या आवृत्त्या, बांधायची, एकेक आज्ञा हाताने टाइप करून. त्या दिवशी त्यात एक घोडचूक सापडली. उंच लाटा तो बुटक्या दाखवत होता. चूक मी सुधारली होती, पण पॅकेज जायचं ते सिग्नेच्या कॉम्प्युटरवरूनच. संध्याकाळी वादळ येणार होतं, आणि बोटी पाण्यात होत्या.

"तळघरात आहे सगळं," तिचा नवरा आर्विड म्हणाला. "मी काही खाली येत नाही, मार्ली. गुडघे..."

गुडघ्यांचं कारण मला खरं वाटलं नाही.

खाली ओल्या लाकडाचा वास होता आणि सरोवराची दूरची गाज. सगळ्या आज्ञा मी एका शेल स्क्रिप्टमध्ये ओळीने लिहिल्या, म्हणजे त्या आपोआप एकामागून एक चालतील. पॅकेजवरच्या डिजिटल सहीपाशी गाडी अडणार हे ठाऊक होतं. सिग्नेच्या सहीशिवाय बोटींवरची यंत्रं पॅकेज घेत नसत, आणि सहीचा सांकेतिक शब्द तिने कुणालाच सांगितला नव्हता. निदान बांधून तरी होऊ दे, म्हणून स्क्रिप्ट चालू केली.

अक्षरं भराभर सरकत राहिली. मग थांबली. पडद्याने सांकेतिक शब्द मागितला.

माझे हात मांडीवर होते. चौकटीत, टाइप केलेल्या अक्षराच्या जागी दिसतो तसा, एक तारा उमटला. जरा वेळाने दुसरा... एका बोटाने अक्षर शोधत टाइप करावं तसा.

भ्यायला हवं होतं. पण मला बघायचं होतं. मी वाकून कीबोर्डची वायर उपटली.

तारे उमटतच राहिले.

"सिग्ने...?"

जिन्यावरून आर्विडचा दबका आवाज आला. "मध्ये बोलू नकोस तिच्याशी. चुकली की पहिल्यापासून सुरू करते."

पॅकेज गेलं. अंधार पडायच्या आत सगळ्या बोटी धक्क्याला लागल्या.

मग बोटींवरच्या यंत्रांना माझी सही चालेल अशी सोय करून मी ती स्क्रिप्ट माझ्या घरी आणली. सही माझी, सांकेतिक शब्दही माझा. कुठे लिहिलेला नाही, कुणाला सांगितलेला नाही. पहिल्यांदा चालवली आणि कॉफी आणायला उठले. परतले तोवर सही होऊन पॅकेज गेलेलं.

मी शब्द बदलला. पुन्हा स्क्रिप्ट चालू केली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

या वेळी पहिला तारा उमटायला जरा वेळ लागला, इतकंच.