बंबखान्यातली हाक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. सगळ्यांना पटवत बसायचा आता कंटाळा आलाय. ज्याच्यावर हे बेतलं तो डॉमिंगो आजही धडधाकट आहे, गुडघे सोडले तर.

दिवस गेल्या वर्षीच्या गुड फ्रायडेचा. वेळ तिन्हीसांजेची. जागा म्हणाल तर जामसंड्यापासून थोडं आत, एका गावचं सभागृह. गावाचं नाव सांगणार नाही. तिथे माणसं राहतात अजून.

सभागृह ते कागदावर. लोकांच्या तोंडी बंबखानाच. एका उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांत घालायचा पेंढा पेटला, अर्धी वाडी काळी झाली, तेव्हा गावाने हट्टाने तिथे आग विझवायचं ठाणं बांधून घेतलं होतं. एक जुना बंब, एक लाल शटर आणि बंबावर ड्रायव्हर हा डॉमिंगो.

त्या गुड फ्रायडेच्या अकरा वर्षं आधी, अशाच एप्रिलात, तो एकटाच ठाण्याच्या दारात बसला होता. फोन बंद पडलेला.

वरच्या वळणावरून हाक आली...

"डॉमिंगोऽऽ!"

एकदाच.

आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिन्हीसांजेला एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा मारेल. ते दुसरं काही असेल तर एकदाच मारतं... आणि ओ दिली की घेऊन जातं.

डॉमिंगो गप्प बसला. दुसऱ्या हाकेची वाट बघत.

दुसरी हाक आली नाही.

धूर आला.

वळणापलीकडे राहणाऱ्या काशीबाईची अढी, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले आंबे, पेटली होती. ती वळणापर्यंत धावत आली, जिवाच्या आकांताने एक हाक मारली आणि तशीच माघारी पळाली, कारण अढीला लागूनच म्हैस बांधलेली. बंब पोचला तेव्हा म्हैस बाहेर होती. काशीबाई आत.

गावाने डॉमिंगोला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट म्हणाले, "बरोबर केलंस रे. तिन्हीसांज होती." तेच त्याला खुपलं. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी बंब मोडीत गेला. शटरच्या जागी भिंत आली, आत स्टेज, पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या. लग्नं, हळदीकुंकू, लसीचे कॅम्प. किल्ली डॉमिंगोकडे दिली, दुसरं कोण घेणार?

आणि पहिल्याच संध्याकाळी कुलूप लावताना...

"डॉमिंगोऽऽ!"

वळणावरून. एकदाच.

रिकाम्या सभागृहात साधा खोकलाही घुमतो. ती हाक घुमली नाही...

मग रोज. दहा वर्षं रोज!

तुम्ही काय केलं असतं? ओ दिली आणि ते दुसरंच काही निघालं, तर आपण गेलो. गप्प राहिलो आणि खरंच कोणी माणूस असलं, तर आणखी एक काशीबाई. त्याने मधला मार्ग काढला. ओ द्यायची नाही, पण चढ चढून वळणावर जाऊन बघून यायचं. पावसात छत्री घेऊन, तापात कानटोपी घालून. वळणावर कधीच कोणी नसे. गुडघ्यांचा भुगा झाला.

गुड फ्रायडेला त्याची बायको आपोलिना चर्चला निघाली. जाताना म्हणाली, "आज चढ चढू नको रे. आणि ओ दिव नको. माझी शप्पथ आसा तुका."

त्याने खुर्च्या रचल्या. पंखे बंद केले. सवयीने चर्चच्या घंटेकडे कान लावला. मग आठवलं, गुड फ्रायडेला घंटा वाजत नाही.

सगळं कसं चिडीचूप...

"डॉमिंगोऽऽ!"

त्याने चढावर पाय टाकला. गुडघ्यातून कळ आली आणि तो पायरीवर मटकन खालीच बसला. वर सगळं सुकं गवत. एक ठिणगी पुरे. वर कोणी असलं तर?

त्याला भीती वाटली नाही. थकला होता बिचारा. दहा वर्षांचं थकणं एकदम अंगावर आलं.

तो ओरडला, "ओऽऽ! येतंय गो काशीबाय!"

रातकिडे थांबले.

वळणावरून काहीच आलं नाही.

मग त्याच्या पाठीमागून... कुलूप लावलेल्या सभागृहाच्या आतून... जिथे बंब उभा असायचा तिथून...

"आता कित्याक रे?"

आता कशाला, एवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता. दिवसभर राबून आलेली बाई बोलते तसा आवाज.

आपोलिना परतली तेव्हा तो पायरीवरच होता, मान न वळवता. सगळं ऐकून तिने छातीवर हाताने खुरीस केला, त्याला नेलं नाही ना म्हणून हातपाय चाचपले. "जितो आसस मां? तिना तुका व्हराक नाय. सुटलंस तू!"

"सुटलंय खंय गो," डॉमिंगो म्हणाला. "इतकी वर्सा माका वाटला, ती माका व्हराक येता. तिका फक्त ओ व्हयी होती."

त्या दिवसापासून हाक बंद. आवाज कोणाचा, बंद दाराआड कोण होतं, कोणालाच ठाऊक नाही. किल्ली आता गावातल्या ओमकार नावाच्या पोराकडे असते, तो म्हणतो आत काही नाही.

डॉमिंगो मात्र रोज तिन्हीसांजेला घराच्या उंबऱ्यावर बसतो. कोणी बोलायला गेलं की हात वर करतो.

"वायच गप ऱ्हवा. कोणाची हाक इली तर माका ऐकाक येवक व्हया."