राजुऱ्याचा अनोळखी मारेकरी

सायमा राजुऱ्यातल्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात शिरली तेव्हा जिशान एका व्हीसीआरच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालून बसला होता. तिच्या काखेत जाडजूड कादंबरी— एक भाडोत्री मारेकरी, एक राष्ट्राध्यक्ष आणि पानोपानी धाकधूक.

"याचा पिच्चर आहे का?"

"दोन आहेत. जुना आन् नवा. जुन्यात मारेकरी देखणा आहे, नव्यात बंदूक."

ती हसली. कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली धूळ तिच्या पापण्यांवर बसली होती... धुळीनंही जागा बरी निवडली, असं जिशानला वाटलं.

तिनं जुना पिक्चर नेला, भांडत परत आणला. नवा नेला, जास्त भांडत परत आणला.

"पुस्तकात तो कोनीबी होते— म्हातारा, वाजंत्री, पाववाला! सख्खी मायबी वळखनार नाई. तुमच्या हिरोनं नुसता चष्मा बदलला."

"मंग पकडल्या कसा जाते?"

"वाचा ना."

"तुमीच सांगा. तुमच्या तोंडून... बरं वाटते."

ती रोज थोडी थोडी कादंबरी सांगू लागली. राष्ट्राध्यक्षाचा जीव टांगणीला लागला, आणि जिशानचाही.

मग एक दिवस ती दारातच थांबली. "उद्या नाई येनार. घुग्घुसचे लोक पाहाले येऊन राह्यले... मले."

"आन् शेवट?"

"त्याची एकच चूक झाली. तयारी लय केली, आन् ऐन वक्ताले..." तिनं जिशानकडे पाहिलं. पुरेसं पाहिलं. आणि गेली.

जिशानला त्यातलं फक्त 'तयारी' तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सायमाच्या घराची कडी वाजली. दारात नाटकातली दाढी, काळा चष्मा आणि खांद्यावर बंदुकीसारखी धरलेली अँटेना.

"मी मुबीन," दाढी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बल्लारशावरून आलो. अँटेना पाहाची आहे."

कादंबरीतल्या मारेकऱ्याला एक सोय होती— त्याच्याकडे कुणाचा व्हीसीआर दुरुस्तीला नव्हता.

"जिशान," सायमाचे वडील शफीचाचा म्हणाले, "दाढी काऊन लावली बे?"

दिवाणावरचा नवरामुलगा उठून उभा राहिला. "अरे, जिशानभाई! आमचा व्हीसीआर झाला का?"

"माह्या मोठीच्या लग्नाची कॅसेट अटकली हाये त्याच्यात!" नवऱ्यामुलाची आई कळवळली.

दाढी एका बाजूनं सुटली. पडद्याआड सायमा चहाचा ट्रे धरून उभी— ओठ दाताखाली, डोळे मात्र अजिबात हसत नव्हते. ते वाट पाहत होते. आता जिशानला तिचं कालचं अर्धवट वाक्य पुरतं कळलं— ऐन वक्ताले नेम चुकायला नको होता.

"चाचा, अँटेना खोटी आहे. दाढीबी खोटी. सायमा मले आवडते... एवढंच खरं आहे."

नवऱ्यामुलाच्या आईचा समोसा तोंडाशी थबकला. शफीचाचांनी पोरीकडे पाहिलं. "आन् तुले?"

पाहायला आलेल्या मुलाला मुलीनं पहिला कप द्यायचा, ही रीत. सायमा पडद्याबाहेर आली, खणखणत्या कपांसकट नवऱ्यामुलासमोरून सरळ पुढं गेली आणि जिशानपाशी थांबली.

"पी," ती पुटपुटली. "साखर तुले लागते तेवढीच टाकली... सकाळपासून वाट पाहून राह्यली मी."

शफीचाचांनी समोशांची बशी पाहुण्यांकडे सरकवली. द्यायला आता त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.