सुनेचा राहता पत्ता

“साहेब, मी जिथे राहते तिथे मी राहत नाही म्हणे.”

फोनवरचा बाईचा आवाज अगदी शांत होता, आणि शांत माणसांपुढे पडताळणीवाल्याचे हातपाय गार पडत. मतदारयादीतले पत्ते खरे की खोटे, हे दारोदार जाऊन बघायचं त्याचं काम. आतापर्यंत त्याने लावलेला सर्वांत मोठा शोध म्हणजे कुठल्या घरी कुत्रा आहे, हा.

बाई चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. नवऱ्याचं घर सोडून तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, नव्या पत्त्यावर नाव लावलं. नियमाप्रमाणे जुन्या यादीतून ते कमी झालं. आता कोणीतरी निनावी हरकत घेतली होती : ही बाई अजून जुन्याच घरी राहते, तिचे कपडे रोज तिथेच वाळतात, येऊन बघा.

तो आधी खोलीवर गेला. खोली एका नजरेत संपली. पलंग, शेगडी, खिडकीत वाळणारे सुती कपडे.

“हरकत खरी ठरली तर?” तिने विचारलं.

“इथलं नाव जाईल.”

“आणि तिथलं?”

“ते गेलंच आहे.”

“म्हणजे मी कुठेच नाही.”

“यादी आज संध्याकाळी बंद होते. तोवर तुम्ही दोन्हीकडे आहात असं धरू.” धीर द्यायची त्याला एवढीच पद्धत माहीत होती. “सगळं सामान आणलंत?”

“एका बॅगेत मावलं तेवढं. उन्हाळ्याचं. सासूबाईंना न सांगता निघाले. सांगितलं असतं तर निघालेच नसते.”

“आणि नवऱ्याला?”

“सांगितलं. ‘बरं’ म्हणाले. मॅच चालू होती.”

“त्यांना तुमचं मत अडवावंसं का वाटेल?”

“त्यांना काही वाटतं, हेच मला नवीन आहे. साहेब, घरमालकापासून दवाखान्यापर्यंत सगळे आधी नवऱ्याचं नाव विचारतात. या यादीत मी माझ्या पत्त्यावर माझी आहे. ते तेवढं जाऊ देऊ नका.”

जुन्या घरी पोचेपर्यंत त्याने तीनदा घड्याळ पाहिलं आणि तिन्ही वेळा ते पुढेच गेलेलं होतं.

दार नवऱ्याने उघडलं. इतका उंच की चौकटीखालून वाकून बाहेर आला. मागे त्याच्या कोपराइतकी त्याची आई.

गॅलरीत डोक्यावरची दोरी पूर्ण रिकामी होती. कठड्यावर मात्र नवऱ्याचे शर्ट, आणि त्यांच्या शेजारी, तितक्याच नीट लावलेल्या चिमट्यांत, लोकरीचा एक स्वेटर पाणी गाळत होता. बाहेर कावळासुद्धा चोच वासून बसला होता.

“हा कोणाचा?”

“सुनेचा,” सासूबाई म्हणाल्या. “कालच घातला होता.”

“या उन्हात?”

“तिला थंडी फार.”

त्याने स्वेटर हातात धरला. शाळेतल्या पोरीला झाला असता जेमतेम.

तो नवऱ्याकडे वळला. “तुमची बायको इथे राहते?”

नवऱ्याने विचार केला. “आई, राहते का गं?”

“हरकत तुम्ही घेतलीत?”

“कशाला?”

पडताळणीवाल्याच्या घशाला कोरड पडली. “जरा पाणी मिळेल?”

“आई, पेले कुठे असतात?”

एवढं ऐकल्यावर त्याने सुनेला फोन करून बोलावून घेतलं. ती येईपर्यंत तो गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिला. कार्यालयातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा ‘पोचतोच’ म्हणून तो जागचा हलला नाही.

सून धापा टाकत आली तेव्हा तो म्हणाला, “इथे राहणारी बाई उन्हाळ्यात स्वेटर धुवायला टाकत नाही. पण उन्हाळ्याचे कपडे तुम्ही घेऊन गेलात. मागे उरले ते हेच. तेच रोज धुतले की लोकर आटणारच. तुम्ही इथे आहात असं कोणीतरी दाखवतंय.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं.

“हे नव्हेत. घरात पेला कुठे आहे हे यांना ठाऊक नाही, ते साबण कुठून शोधणार? दोरी रिकामी आणि सगळे कपडे कठड्यावर. धुणाऱ्याचा हात दोरीला पोचत नाही. आणि कालच घातला होता, हे त्याच व्यक्तीने सांगितलं.”

सासूबाई म्हणाल्या, “रोज वाटायचं, आज तरी कोणी बघायला येईल. लवकर आला असतास तर स्वेटर वाचला असता.”

“आई, तुम्ही?” सून म्हणाली. “का?”

“तुझं नाव इथे होतं तोवर मी म्हणायचे, येईल. मग नावही गेलं. वाटलं, तिथलं खोडलं की ते इथे परत लागेल. घरात बोलायला कोण उरलं? हा?” त्यांनी मुलाकडे हात केला. “याला हाक मारली की उत्तर यायला जेवणाची वेळ होते.”

“मी परत येणार नाही, आई.”

“कळलं मला ते. आत्ता तू दारात उभी राहिलीस ना, पाहुण्यासारखी, तेव्हाच कळलं.”

पडताळणीवाल्याने कार्यालयाला फोन लावला. “हरकत खोटी. बाई नव्या पत्त्यावरच राहते, मी पाहून आलोय. नाव ठेवा.” पलीकडून होकार आला तेव्हा कुठे सून खुर्चीवर टेकली.

“बाळा,” सासूबाईंनी विचारलं, “नव्या पत्त्यावर नाव लावायला काय लागतं?”

“तिथे खरोखर राहावं लागतं.”

“एवढंच?”

“आई,” सून म्हणाली, “खोली एकच आहे. पलंगही एकच.”

“मला किती जागा लागते?”

सुनेने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही. “रात्री घोरायचं नाही,” ती म्हणाली.

“यंदाचं मत मात्र इथेच येऊन द्यावं लागेल हं,” पडताळणीवाला घाईने म्हणाला. “आजची यादी बंद होतेय.”

“देईन की. मत देऊन परत जाईन,” म्हणत सासूबाई बॅग काढायला आत गेल्यासुद्धा.

नवरा चौकटीत वाकून उभा होता. “आणि मी?”

“तुम्हाला काहीच करावं लागणार नाही,” पडताळणीवाला म्हणाला. “तुम्ही कुठे हललाच नाहीत.”