ऐकलंत का?

जाहिरातीतला समुद्र निळा होता. प्रत्यक्षातला समुद्र दूध कमी पडलेल्या चहासारखा होता, आणि तोही होडीतून उतरल्यावर तासाभरात ओहोटीबरोबर निघून गेला. मागे दोनशे पावलं चिखल उरला. पोहण्याच्या तलावात पाणी नव्हतं, तळाशी एक प्लास्टिकची खुर्ची आडवी पडली होती. खाण्याच्या यादीत अठरा पदार्थ होते, स्वयंपाकघरात दोन.

"पंप बिघडलाय," विश्रामगृह चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. धिप्पाड होत्या, पण माफी मागताना अंग चोरून घ्यायच्या. "पुढच्या आठवड्यात दुरुस्त होईल."

"आम्ही उद्या चार वाजता जाणार आहोत," ठमी म्हणाली.

"हो ना," बाई म्हणाल्या आणि खोलीची किल्ली पुढे केली.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते वडिलांनी ठेवलेलं, आणि बेचाळीस वर्षांची झाली तरी त्यांनी ते बदललं नव्हतं. ती कानाची यंत्रं बसवायची. दिवसभर काचेच्या खोलीत लोकांना बसवून त्यांना काय ऐकू येतं आणि काय नाही हे कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. आणि तिच्याच घरात तिच्या वडिलांना अकरा वर्षं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बत्तीस वर्षं छापखान्यात यंत्रावर उभं राहून त्यांच्या कानांच्या नसा गेल्या होत्या. तिनं एकामागून एक चार यंत्रं लावून पाहिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. आई मुलीला म्हणायची, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." तेव्हापासून घरात एक छोटी पांढरी पाटी आली. बोलायचं ते पाटीवर लिहायचं. बाबा मात्र तोंडानं उत्तर द्यायचे, जरा मोठ्यानं.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बापलेक एका घरात राहत होते, पण पाटीवर हल्ली "जेवण", "औषध" आणि "उशीर होईल" एवढंच असायचं. म्हणून ठमीनं हे बेट काढलं. घरापासून चार तासांवर, माडाची झाडं, दोन दिवस.

शनिवारी दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "नको, आत्ता चहा नको."

तिनं विचारलंच नव्हतं. ती पाटी काढेपर्यंत ते पुन्हा म्हणाले, "अगं, पेपर झाला की घेतो म्हटलं ना." आणि मग मान खाली घालून खुदकन हसले.

"काय झालं?" तिनं लिहिलं.

"तुझी आई. म्हणतेय, यांच्या कानाला मशीन कसलं बसवतेस, हा माणूसच बदलून आण."

ठमीच्या हातातला घास तसाच राहिला. आई हे खरंच म्हणाली होती. अकरा वर्षांपूर्वी, पहिलं यंत्र आणलं त्या दिवशी. बाबांच्या पाठीमागे उभी राहून.

ती घाबरणाऱ्यांतली नव्हती. कान बंद पडले म्हणून मेंदू गप्प बसत नाही, तो स्वतःच आवाज तयार करतो, हे तिनं कितीतरी म्हाताऱ्यांना समजावलं होतं. कुणाला गाणी ऐकू येतात, कुणाला घंटा. तिनं बाबांच्या मागे जाऊन टाळी वाजवली. ते हलले नाहीत. स्टीलचं ताट फरशीवर पाडलं. बाई धावत आल्या, बाबा माशाचे काटे काढत राहिले. म्हणजे कान होते तसेच होते. तिला जरा बरं वाटलं, आणि जरा वाईटही.

उन्हं कलल्यावर दोघं ओसरीवर बसले. चिखलात पांढरे बगळे स्वस्थ उभे होते. पंखा कण्हत होता. बाबा बराच वेळ डोकं एका बाजूला कलवून बसले होते, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसे. मग त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"तू परदेशातली नोकरी सोडलीस, ठमे?"

तिनं पाटीकडे हात नेला.

"तिकीटसुद्धा आलं होतं. आणि तू आईला म्हणालीस, बाबांना असं सोडून जायचं माझ्यानं होणार नाही. मी तिथंच होतो की गं, जेवत होतो. तुम्ही माझ्यासमोर बोललात आणि मी भात कालवत होतो." त्यांनी तिचा हात धरला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

हे आठ वर्षांपूर्वीचं होतं. ही गोष्ट तिला आणि आईला सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. आई तर आता नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा कधी नव्हे इतके बोलले. शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाची रडारड, जिन्यावरची भांडणं, आईचं स्वयंपाक करताना बेसूर गुणगुणणं. ऐकता ऐकता ते मध्येच उत्तरं देत होते. "हो, आणतो," "नाही गं, दुखत नाही," "कुठे ठेवलास चष्मा?" ठमी समोर बसून होती. आधी अंगावर काटा होता. मग कधीतरी तो उतरला, आणि आपण आईच्या बाजूचं अर्धं संभाषण मनातल्या मनात पुरं करतोय हे तिच्या लक्षात आलं. किती दिवसांनी तिघं गप्पा मारत होती.

रविवारी न्याहारीला बाबा म्हणाले, "मांजरीचा आवाज किती नाजूक आहे गं! मी आपला नुसतं तोंड उघडताना बघायचो."

मांजर चार वर्षांपूर्वी जिन्याखाली सापडली होती.

तेव्हा ठमीला क्रम दिसला. अकरा वर्षांपूर्वीचा चहा, आठ वर्षांपूर्वीची नोकरी, चार वर्षांपूर्वीची मांजर. या माणसाच्या कानांवर येऊन परत गेलेलं सगळं, पहिल्यापासून, ओळीनं येत होतं. तिनं हातरुमालावर बोट फिरवत हिशेब केला. ते जागे असलेल्या एका तासात सहा महिने. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस दुपारी बाराच्या सुमाराला येणार होता.

त्या दिवशी आई न्हाणीघरात पडली. बाबा पलीकडच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होते. ठमी चार वाजता घरी आली, तोपर्यंत ते तिथेच होते, पेन्सील घेऊन. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, पडल्यावर अर्धा तास तरी त्या जिवंत होत्या. हे तिनं बाबांना कधी सांगितलं नव्हतं. आणि पुढच्या आठवड्यात, भांडी घासताना, बाबांकडे पाठ करून ती जे बोलली होती, तेही कुणाला सांगितलं नव्हतं.

ती तशीच बाईंकडे गेली. "आम्हाला आत्ता निघायचंय."

"होडी चारलाच येते हो."

"दुसरी कुठली? कोळ्याची, कुणाची तरी?"

"ओहोटी आहे. चिखलातून कुठली होडी येणार?" बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "खोलीत काही त्रास आहे का?"

"नाही," ठमी म्हणाली. दुसरं काय सांगणार?

ती परत आली तेव्हा बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, केस विंचरले होते.

"मी काही खुळा नाही, ठमे," ते म्हणाले. "दिवस मलाही मोजता येतात. पुढे काय येणार आहे ते मला कळतंय."

"आपण किनाऱ्यावर जाऊ. लांब," तिनं घाईघाईनं लिहिलं.

"लांब गेल्यानं का थांबणार आहे ते? आणि मला ते ऐकायचंय. दोन वर्षं मी एकच विचार करतोय, तिनं हाक मारली असेल का. तुझ्या तोंडाकडे बघून विचारायचा धीर झाला नाही. बस इथे. जाऊ नकोस."

ती बसली.

पंखा कण्हत होता. बाहेर माडांच्या झावळ्या वाजत होत्या. बाबांची बोटं गुडघ्यावर पेन्सील धरल्यासारखी वळली होती.

बाराला पाच कमी असताना ते ताठ झाले.

"आलो," ते म्हणाले.

उठले. खोलीच्या टोकाला न्हाणीघर होतं, त्याचं दार त्यांनी ढकललं. आत कोरडी फरशी, एक बादली, उंचावरच्या खिडकीतून उतरलेलं ऊन. बाबा गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसले. फरशीवर हात ठेवला, कुणाचा तरी हात तिथे असावा तसा.

"आलो गं. आहे मी इथे. ऐकू आलं मला. हो, ऐकलं म्हटलं ना."

ठमी दारात उभी होती. तिला फक्त बाबांचाच आवाज ऐकू येत होता.

"नको, उठू नकोस. पडून राहा. ठमी येईल चारला. तोवर मी आहे."

ते असे अर्धा तास बोलत होते. हळू आवाजात, जे त्यांना अकरा वर्षांत कधी जमलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या घराबद्दल बोलले, तिथल्या गळक्या नळाबद्दल बोलले. एकदा दोघंही हसल्यासारखे ते हसले. मग हळूहळू बोलणं कमी झालं, आणि थांबलं.

"काय म्हणाली?" ठमीनं लिहिलं.

"नेहमीचंच. अहो, ऐकलंत का? मी म्हटलं, ऐकलं. तर म्हणाली, आलात का? बरं झालं."

ठमी भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टरांनी त्या दिवशी तिला आणखीही काही विचारलं होतं. आईच्या चेहऱ्यावरून चादर ओढताना ते क्षणभर थांबले होते. शेवटी जवळ कोणी होतं का, त्यांनी विचारलं होतं. चेहरा अगदी शांत आहे, ते म्हणाले होते. ती म्हणाली होती, नाही, कुणीच नव्हतं.

बाबांनी तिला रडू दिलं. स्वतःच्या रुमालानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायचे तसं. थोड्या वेळानं त्यांचा हात मध्येच थांबला. डोकं कललं.

आता भांडी घासताना ती बोलली होती ते वाक्य आलं होतं. तिला ते शब्दन्शब्द पाठ होतं. पलीकडच्या खोलीत बसून कोडी सोडवत होते. दगड असता तर दगडही उठला असता.

तिनं पाटी घेतली, "मी" एवढंच लिहिलं. बाबांनी तळव्यानं ते पुसून टाकलं.

"खरं बोललीस त्या दिवशी," ते म्हणाले. "पण आज उठलो की नाही मी?"

तिनं मान हलवली. हो. उठलात.

मग उरलेले तास सोपे होते. दोन वर्षांत त्या घरात आवाज तरी किती झाला होता? "एकटीच किती बडबडतेस गं," बाबा म्हणाले. "आणि रात्री माझ्या दाराशी येऊन बाबा म्हणून हाक मारून जातेस. रोज. मला काय माहीत!" ती लाजली. दोघांनी तोच मासा आणि तोच भात खाल्ला, आणि तो त्यांना आवडला.

निघताना बाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. "तलावाबद्दल लिहिलंत तरी चालेल," त्या ओशाळून म्हणाल्या. ठमीनं पेन घेतलं, पण तलाव तिला आठवेचना. तिनं "आभारी आहोत" लिहून खाली बाबांना सही करायला दिली.

चार वाजत आले होते, पाणी वर आलं होतं. धक्क्याला होडी लागली होती, नावाडी दोर सोडत होता. ठमीला हलकं वाटत होतं. बापाचा हात धरून चालताना, अशा बेकार सुट्टीबद्दल जन्मभर कुणाचे तरी उपकार मानावेत, पण कुणाचे ते कळेना, असं तिला वाटत होतं.

धक्क्याच्या मध्यावर बाबा थांबले.

डोकं कललं.

"काय?" तिनं नुसते ओठ हलवले.

"तूच आहेस." ते हसत होते. "मावशीशी फोनवर बोलतेयस. म्हणतेयस, सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं. झोपेतच. काही त्रास झाला नाही." त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं गं. मला तेवढीच एक धास्ती होती."

आपण असं मावशीला कधी सांगितलं, कुणाबद्दल सांगितलं, ते ठमी आठवू लागली. आठवत राहिली.

नावाड्यानं हात पुढे केला. बाबा होडीत उतरले, फळीवर नीट बसले, तिच्यासाठी जागा केली.

"एवढी ओरडून का बोलत होतीस पण?" त्यांनी विचारलं. "मागे कसला तरी खडखडाट होता. डांबरी रस्ता फोडतात ना, तसा. अगदी आपल्या खिडकीखाली."

होडी सुटली. शनिवारी सकाळी घरून निघताना इमारतीच्या फाटकावर एक नवी नोटीस चिकटवलेली होती. बाबा तेव्हा टॅक्सीत बसले होते, त्यांनी ती पाहिली नव्हती. नळाच्या कामासाठी रस्ता खोदण्यात येईल, रहिवाशांनी सहकार्य करावं.

येत्या बुधवारपासून, पाच दिवस.